दोन तोंडांचा भाता

आमच्या ह्यांना मोटारीचं काम सांगा नाहीतर विळ्याला धार लावायला सांगा, त्यात लोहाराची रीत आल्याशिवाय राहायची नाही. हुबळीला कारखान्यात फिटर होते, खाकी चड्डी घालून परत आले, पण जित्याची खोड कुठे जाते?

सुप्याच्या एका लाकूड ठेकेदाराची मोटार काळी नदीच्या उतारात बुडाली होती. बैल लावून ती बाहेर काढली, आणि तिच्या इंजिनाला जोडलेला एक लोखंडी ठोकळा ड्रायव्हर वासू बैलगाडीत घालून आमच्या गोठ्यात घेऊन आला. गोठ्यातच ह्यांचं वर्कशॉप होतं. एका अंगाला म्हैस, दुसऱ्या अंगाला भट्टी.

"ह्ये काय हाय?" मी विचारलं.

"भाता हाय. इंजिनाच्या पोटात वारा कोंबतोय. मग मोटार घाट कशी चढती बग!" हे म्हणाले.

आत डमरूसारखे कापलेले दोन रूळ होते. एकमेकांत फिरायचे, पण एकमेकांना शिवायचे नाहीत. मधल्या फटीत विडीचं पान कसंबसं जाईल एवढीच जागा. नदीच्या पाण्यानं सगळं गंजून धरलं होतं. ह्यांनी गंज घासून काढला, बेअरिंगं बदलली, दातेरी चाकं पुन्हा जुळवली. मी जवळ बसून तेलाची वाटी धरायची. दुसरं काय करणार? मला लहानपणापासून दमा. विहिरीवरून घागर आणायची तर वाटेत बसावं लागे. भाताची मळणी सुरू झाली की धुळीनं जीव नकोसा व्हायचा, आणि हे तासन्‌तास माझी पाठ चोळत बसायचे. तोंडानं मात्र म्हणायचे, "देवकी, तुझ्यापरीस माझा फाटका भाता बरा."

काम संपलं त्या दुपारी रूळ बोटानं ढकलला तरी गरगर फिरत होता. हे खूश झाले आणि रीतीला बसले.

आमच्यात नवा भाता शिवला की पहिला वारा विस्तवाला देत नाहीत. लोहार नळीला तोंड लावून आपला एक श्वास आत फुंकतो आणि तोच लगेच माघारी ओढून घेतो. दिला आणि घेतला, की भाता घरचा झाला. माघारी घ्यायचा राहिला, तर तो श्वास गेलाच म्हणायचा, असं म्हातारे सांगत.

पण चामड्याच्या भात्याची नळी एकच. ह्या ठोकळ्याला तोंडं दोन, एक वारा घ्यायचं आणि एक सोडायचं. एवढं कारखान्यात शिकलेल्या माणसाला कळू नये?

"तिकडच्या अंगाला तोंड धर. वारा लागतोय का सांग," असं मला म्हणाले, आणि ह्यांनी छाती भरून फुंकलं.

रूळ आवाज न करता फिरले. माझ्या तोंडावर ऊन वारा आला, ह्यांच्या तंबाखूच्या वासाचा. मी हसायला तोंड उघडलं आणि तो आत गेला. खोल गेला. पोटाच्या तळापर्यंत. माझ्या जन्मात असा श्वास मी कधी घेतला नव्हता.

ह्यांनी माघारी ओढला तेव्हा नुसतं तेलकट वारं आलं. हे खोकत मागे सरले आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून मी भरली घागर घेऊन चढ चढू लागले. आणि हे घण उचलला की खाली बसू लागले. मला वाटलं, गंजाची धूळ गेली असेल छातीत. मग एकदा मी चुलीत फुंकणी फुंकली आणि तिकडे गोठ्यात ह्यांना ढास लागली. थांबले, तर ढास थांबली. पुन्हा फुंकलं, पुन्हा लागली. माझ्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता, आणि मी तर तंबाखूला कधी शिवले नव्हते. फुंकणी मी कोपऱ्यात टाकली आणि पंख्यानं वारा घालून भाकरी भाजू लागले. तरी ह्यांचे ओठ निळे पडतच गेले.

वासू ठोकळा न्यायला आला तेव्हा मी त्याला दारातच अडवलं.

"जरा थांब, वासू. आमचं एक काम ऱ्हायलंय."

"व्हय अक्का," म्हणून तो बैलांपाशी गेला.

मी ह्यांना धरून भट्टीपाशी बसवलं. "मी तिकडनं उलटं फुंकते. तुमी वडून घ्या. तुमचं तुमाला लखलाभ."

ह्यांनी नुसती मान हलवली. मध्ये ठोकळा, त्यामुळे मला ह्यांचं कपाळच तेवढं दिसत होतं. मी नळीला तोंड लावलं आणि फुंकलं. रूळ हलले नाहीत. पुन्हा फुंकलं. माझ्या छातीत काय कमी बळ होतं? तरी आतलं लोखंड जागचं हलेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले तशी मी उठून पलीकडे वाकून पाहिलं.

ह्यांनी नळीला तोंड लावलंच नव्हतं. तळहात गच्च दाबून धरला होता.

"अवो, काय करालाय ह्ये!" मी हात ओढू लागले. सुटेना. एवढं बळ ह्यांनी कुठून आणलं होतं कोण जाणे.

"ऱ्हाऊ दे... तुज्याजवळ," हे म्हणाले. मग दाराकडे तोंड करून, एकेक शब्द वेचत, "वासू... घिऊन... जा."

वासूनं ठोकळा उचलून गाडीत घातला. बैल चालू लागले. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्यानं रडले, आणि तेवढं रडूनही मला एकदासुद्धा धाप लागली नाही.