पल्याडच्या पाठमोऱ्यांचं काय करायचं

मित्रांनो, तुम्ही आधी फक्त ऐका. मध्ये बोलू नका, कारण मला सगळं एकदम सांगायची घाई होते आणि मग काहीतरी सुटतं. मी एक जुना खोका आहे. पुठ्ठ्याचा. तुम्ही म्हणाल, खोक्याला सांगण्यासारखं काय असणार? पण माझ्या अंगावर चार प्रकारचे लोक राहतात, एक नदी आहे, एक तळं आहे, आणि एकदा मला बरोब्बर मधोमध कापायला निघाले होते. ते कसं झालं, ते सांगतो.

माझा जन्म रद्दीतला. जुन्या वह्या, लग्नपत्रिका, परीक्षेचे पेपर, सगळं भिजवून लगदा केला आणि त्यातून मी. मग सिल्वासाच्या एका दोऱ्याच्या फॅक्टरीत मला पाठवलं. माझ्यात दोऱ्याचे मोठमोठे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, भरायचे. मी एकदा सुरतेला जाऊन आलोय, खरंच. येताना माझा एक कोपरा फाटला आणि मला बाजूला फेकलं. तिथून श्रुतीच्या पप्पांनी सुपरवायझरला विचारून मला उचललं. ते शिरपूरकडचे, त्याच फॅक्टरीत मशीनवर. सायकलला बांधून त्यांनी मला अथालच्या चाळीत आणलं, उलगडून सपाट केलं आणि गादीखाली पसरलं, कारण खोलीतली फरशी थंडीत फार गार पडते.

एक अख्खं वर्ष मी गादीखाली होतो. दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. मग त्यांच्याकडे पलंग आला आणि मी मोकळा झालो. तेव्हा श्रुती सातवीत होती. तिनं मला गच्चीवर नेलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि स्केचपेन काढलं.

आता हे बघा, माझ्यावर फॅक्टरीतूनच तीन खुणा छापलेल्या आहेत. एक बाण, एक छत्री आणि एक काचेचा पेला. श्रुतीनं बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इकडे उत्तर."

भावेश म्हणजे घरमालकांचा मुलगा, घरी गुजराती बोलणारा, तिच्याच वर्गातला. तो म्हणाला, "अगं, ते तर 'ही बाजू वर' असं आहे. उत्तर कुठे लिहिलंय?"

"मग आमच्या देशात उत्तरेला वर म्हणतात. तुला काय करायचंय?"

"हां, चालेल ने."

अशी माझ्यावर दुनिया सुरू झाली. गच्चीवरून दमणगंगेचा पूल दिसतो, पुलाच्या पल्याड काय असेल, म्हणून तिचं नाव पल्याड. पेल्याचं तळं झालं. छत्रीखाली भावेशनं स्वतःचे लोक वसवले, त्यांचं नाव ताटे. ताट्यांमध्ये भांडण करायचं तर एकाच ताटात जेवत करायचं, असा कायदा. ताट संपलं की भांडण संपलं. चंदा त्याला म्हणाली, "म्हणून तुझे लोक एवढे जाडे."

चंदाची आई खानवेलहून बांधकामावर येते, म्हणून ती सुट्टीत आमच्याच चाळीत असते. तिचे लोक डोंगरात राहतात, पडसादे. ते आपलं म्हणणं आधी मांडत नाहीत. समोरच्याचं बोलणं पहिल्यांदा त्याला परत ऐकवायचं, तो "हो, असंच" म्हणाला की मगच आपण तोंड उघडायचं. पडसाद्यांचं लग्न ठरायला सात दिवस लागतात, पण मोडत एकही नाही.

श्रुतीचे लोक झुलते. ते दोरांच्या पुलावर राहतात, पुलावरच जन्मतात, पुलावरच म्हातारे होतात. त्यांना कुणी विचारलं, तुम्ही कुठले, या काठाचे की त्या काठाचे, तर ते म्हणतात, मधले.

आणि माझ्या ऐन मध्यभागी, नदीकाठच्या सगळ्यात सुंदर जागेत, चाळीतल्याच अभिजीतचे लोक. पाठमोरे. ते भेटले की एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात, तोच त्यांचा नमस्कार. अभिजीत म्हणायचा, तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही. आणि ज्याच्याकडे आपण पाठ करतो त्याच्यावर आपला भरवसा असतो, म्हणून पाठमोऱ्यांच्या गावात चोर नाही, पोलीस नाही, फक्त ठेचा फार लागतात.

तुम्ही हसताय, हसा, पण एकदा फार वाईट झालं. भावेशला राग आला होता कसलातरी, आणि त्यानं पुलापाशी लिहून टाकलं की ताट्यांनी दोर कापले आणि सगळे झुलते पाण्यात पडले. एका ओळीत. सगळे. श्रुती त्या दिवशी जेवली नाही. पप्पा विचारत होते, काय करू राहिली तू, ताट पुढे घेऊन नुसती बसून? काय सांगणार ती, माझे लोक मेले म्हणून? दुसऱ्या दिवशी तिनं ती ओळ काळी केली आणि लाल पेनानं कोपऱ्यात नियम लिहिला, ज्याचे लोक, त्यानेच बोलायचं. चौघांनी खाली सह्या केल्या. तेव्हापासून कुणी कुणाच्या लोकांना हात लावला नाही. मला वाटलं, आता सगळं ठीक चालेल.

पण मग अभिजीतच्या पप्पांना बोईसरला काम लागलं आणि एका आठवड्यात त्यांची खोली रिकामी झाली. आणि नियम तर होता. पाठमोऱ्यांच्या वतीनं बोलायला कुणीच उरलं नाही. इकडे ताट्यांकडे मोठी जेवणं होतायत, पडसाद्यांकडे आठव्या दिवशी बारसं, झुलत्यांकडे नवा दोर वळायचा सण, माझ्या अंगावर जागा पुरेना, आणि मध्यभागी एकदम शांत. वर्ष गेलं. पाठमोऱ्यांकडे कुणी जन्मलं नाही, मेलं नाही, कुणी कुणाला भेटलंसुद्धा नाही.

अशात वासंती आली. नवापूरहून, आईबरोबर. आई पॅकिंगमध्ये, तीन महिन्यांच्या कंत्राटावर. वासंती दहा वर्षांची. रोज गच्चीवर येऊन कठड्याशी टेकायची आणि लांबून मला वाचायची, ओठ हलवत. पाचव्या दिवशी श्रुतीनं विचारलं, "तुला पण लोक पाहिजेत का?" तिनं मान हलवली. हो की नाही, ते मला अजून माहीत नाही, पण सगळ्यांनी हो धरलं.

आता जागा कुठे? माझ्यावर समोरून बोट टेकवायला जागा नव्हती, आणि मला उलटून बघायचं कुणाला सुचलं नाही.

भावेश म्हणाला, "मधले काढून टाकू. कोण बोलतंय त्यांच्यात? कटरनं तुकडा काढायचा, मागून कोरा पुठ्ठा लावायचा. दोन मिनिटांचं काम."

"आणि पाठमोरे कुठे जातील?" चंदा म्हणाली.

"जातील कुठे म्हणजे? अगं, पुठ्ठा आहे तो."

"तुझे ताटे पण पुठ्ठाच आहेत. ते काढू या."

"माझे जिवंत आहेत."

चार दिवस हेच. शेवटी श्रुतीनं आईच्या मोबाईलवरून अभिजीतला फोन लावला, स्पीकरवर. मी श्वास रोखला, म्हणजे खोक्याला जमतो तेवढा. तिकडून तो म्हणाला, "अजून तेच खेळताय? काढून टाका यार. मी आता असलं काही खेळत नाही."

श्रुतीनं फोन ठेवला. भावेशनं कटर आणलं, पातं टकटक बाहेर काढलं आणि माझ्या नदीच्या काठावर टेकवलं. मित्रांनो, मला सुरतेच्या रस्त्यावर फाटतानासुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. तेव्हा माझ्यावर कुणी राहत नव्हतं.

"थांब," चंदा म्हणाली. "तू माझ्या डोंगराला लागून कापतोयस. तिथे माझे लोक राहतात, म्हणजे माझ्या लोकांसारखं बोलायचं. आधी वासंतीचं म्हणणं सांग."

"सांगायचं काय त्यात? तिला जागा पाहिजे."

चंदा वासंतीकडे वळली. "हो, असंच?"

वासंती म्हणाली, "नाही."

भावेशनं कटर खाली केलं. बघा ना, चार दिवस चौघं... नाही, तिघंच, अभिजीत तर नव्हताच, तर तिघं जिच्यासाठी भांडत होते, तिला काय हवंय हे एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

"मग काय पाहिजे तुला?" श्रुतीनं विचारलं.

वासंती हळूच बोलली, पण थांबली नाही. "दीदी, तीन महिन्यांनी माझी आई परत जाईल. मी नवीन लोक केले तर ते पण असेच गप्प होतील. मग पुढची मुलगी येईल आणि त्यांना कापाल. मला नवीन नकोत. मला हेच द्या. मी रोज वाचते यांचं. यांच्याकडे वर्षभर कुणी आलं नाही."

"नाही चालणार," भावेश लगेच म्हणाला. "नियम आहे. कापायला अभिजीत हो म्हणाला. दुसऱ्यानं बोलायचं, असं तो कुठे म्हणाला? श्रुती, तूच लिहिलाय नियम, आणि कुणामुळे ते मला माहितीये, सारखी टोमणे मारते मला."

आणि तो बरोबर बोलत होता, हेच तर अवघड होतं. श्रुतीनं लाल पेन हातात घट्ट धरलं होतं. तिच्या पप्पांचंही कंत्राटच आहे, हे मला गादीखालून ऐकून माहीत आहे. उद्या ती गेली आणि कुणी झुलत्यांना चोर केलं तर? परत पाण्यात पाडलं तर? नियम असला की तिचे लोक जसे आहेत तसे राहणार. गप्प, पण तिचे.

तिनं पुलापाशी काळ्या केलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग वासंतीला म्हणाली, "बिघडवलंस तर?"

"तर तुम्ही सांगा. मी परत नीट करेन."

श्रुतीनं लाल नियमावर एक रेघ मारली. एकच, सरळ. आणि पेन वासंतीला दिलं.

वासंती गुडघ्यावर बसली. अभिजीतचं एकही अक्षर तिनं बदललं नाही. त्याच्याच खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'पाठमोरे भेटताना पाठ करतात, पण निरोप घेताना तोंड करतात. जाणारा माणूस उलटा चालत जातो, म्हणजे शेवटपर्यंत दिसतो.'

चंदानं ते दोनदा वाचलं. भावेश म्हणाला, "अभिजीतला हे सुचलं नसतं." चांगलं म्हणाला की वाईट, कोण जाणे.

श्रुतीनं फोटो काढून अभिजीतला पाठवला. संध्याकाळपर्यंत काही नाही. आणि मग एक व्हॉइस मेसेज आला, चांगला तीन मिनिटांचा. "हे कुणी लिहिलं? अगं, उलटं चालतात तर नदी आहे ना मागे, पडतील ते सगळे. नदीकाठी एक जण उभा पाहिजे, हात धरायला. त्याला काय म्हणायचं ते सांगतो उद्या. आणि जे कुणी असेल त्याला सांग, यांच्या घरांना दारं दोन असतात, ते माझं लिहायचं राहिलं होतं."

आता दर सुट्टीच्या दिवशी वासंती आणि अभिजीत फोनवर भांडतात, आणि भावेश म्हणतो, एक ताट घ्या तरी मध्ये. पाठमोऱ्यांकडे परवा जुळी मुलं झाली. माझ्या पाठीवरही लिहायला सुरुवात झालीय, कारण समोरची बाजू संपली.

वासंतीचे दोन महिने झाले, एक राहिलाय. तेव्हा मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणी गाव सोडून गेलं की त्याच्या गोष्टीला कुलूप लावू नका. विचारा, सांभाळा, चुकलं तर नीट करा, पण बोलत राहा.

तरी एक गोष्ट मला अजून कळत नाही. तो नियम श्रुतीच्या लोकांना वाचवायला होता, आणि तिनं तो स्वतःच्या हातानं खोडला. तिच्या जागी लाल पेन घेऊन तुम्ही बसला असता, तर तुम्ही काय केलं असतं?