पहिल्या पानावरची हळद

तो मोर मी ओळखला. माचिसच्या कागदावरचा, उजवा कोपरा फाटलेला मोर. जुन्या वस्तूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला होता, ‘जुनी माचिस चित्रं, पूर्ण वही, विकणे आहे.’

वही माझ्या सासऱ्यांची, पुंडलिकरावांची. दहा वर्षांचे असताना केळझरच्या गणपतीपुढं पडलेलं पहिलं चित्र उचललं, तेव्हापासून साठ वर्षं जमवत आले. पुण्याच्या प्रदर्शनात ठेवू, असा हट्ट मीच धरला. बाबा स्वतः घेऊन जाणार होते. ‘काऊन उगाच धक्के खाता? पार्सल करू,’ हे शहाणपणही माझंच. घरातून निघणाऱ्या चांगल्या वस्तूला हळदकुंकू लावायची आमची रीत. मी पहिल्याच पानाला बोटं टेकवली आणि बाबा कडाडले, “कागदाले डाग पाडला! अक्कल आहे का?” लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. रागारागात तसंच बांधून पाठवलं.

पार्सल पोचलंच नाही. चार महिने झाले. तक्रारीला एकच उत्तर, शोध सुरू आहे. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त पोस्टमन यायच्या वेळेला ओसरीवर बसतात आणि तो पुढं गेला की आत जाऊन पडतात. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ग्रुपवर मी ‘चोर’ एवढं टाईपही केलं होतं. प्रफुलनं, माझ्या नवऱ्यानं, फोन हातातून ओढला.

“पागल झाली का? तो फोटो डिलीट करून पसार होईन. अन् असे मोर हजारो छापले असन. आपल्याच वहीतला कायवरून?”

“कोपरा फाटला नाई का!”

“कोपरे कोनाचेबी फाटते. आधी फोटो अन् नंबर जपून ठेव. गिऱ्हाईक बनून पहिल्या पानाचा फोटो माग. गोडीनं.”

गोडीनं म्हणे! दात-ओठ खात मी लिहिलं, ‘दादा, वही आवडली. पहिलं पान दाखवता का?’

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. त्याला संशय आला असेल का? वही दुसऱ्या कोणाला गेली तर? कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरण खाली लागलं. तिकडं बाबा ओसरीवर येऊन बसले होते.

मग फोन वाजला. ‘पहिलं पान नाही ताई. त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. खराब दिसत होतं म्हणून फाडून टाकलं. बाकी वही स्वच्छ आहे.’

“सापडला!” प्रफुल ओरडला.

मला मात्र रडू फुटलं. केळझरचं ते पहिलं चित्र त्याच पानावर होतं. तशीच ओसरीवर गेले, बाबांपुढं फोन धरला आणि सगळं सांगून टाकलं.

“पहिलं पान गेलं, बाबा. माह्याच्यानं.”

त्यांनी फोन लांब धरून दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसत बसले.

“हळद नसती तं वही माही आहे हे कोनाले पटवलं असतं?” ते हळूच म्हणाले. “अन् मी तुले उगाच बोललो, पोरी.”

रस्त्यावरून पोस्टमनची सायकल गेली. बाबांनी मान वर केली नाही. ते चपला शोधत होते.

“प्रफुल, गाडी काढ. पोलीस ठाण्यात जाऊ.”