नऊशे साठ ग्रॅमचा एक किलो

मी एक किलो बोलतोय. म्हणजे माझ्या अंगावर तसं कोरलंय. खरं विचाराल, तर मी नऊशे साठ ग्रॅमच भरायचो. हे सांगताना आजही मान खाली जाते.

जन्मतः मी असा नव्हतो बरं का! भट्टीतून निघालो तेव्हा पुरा किलो होतो. माझ्या पोटाखालच्या खळग्यात शिसं ओतून त्यावर सरकारी ठसा मारला होता. रायपूरला बूढापाऱ्यात हिरालाल साळव्यांच्या किराणा दुकानात आलो आणि तराजूत ऐटीत बसलो. कितीतरी वर्षं मी खरं तोललं.

मग समोर मोठं दुकान थाटलं गेलं, गिऱ्हाईक तिकडे वळलं. एका दुपारी हिरालालनं मला उलटं केलं. ठशाची चकती हळूच उचलून आतलं शिसं कोरून काढलं, लाखेच्या बांगड्या करणाऱ्याकडून आणलेली लाख त्यात भरली आणि चकती परत बसवली. कडेला जरा लाख दिसायची, तिथं काळा रंग फासला. मी ओरडलो असतो हो, पण लोखंडाला तोंड कुठलं!

आता तुम्ही म्हणाल, असेल कोणी नास्तिक. छे! हिरालाल पक्का विश्वासी ख्रिस्ती. चर्चमध्ये पेटी वाजवायचा, प्रार्थनेत हुंदके देऊन रडायचा. शनिवारी दुकान बंद करताना मला गल्ल्याखाली ठेवायचा, हात जोडायचा, "प्रभू, माफ कर," म्हणायचा. ते ऐकून मला दर वेळी वाटायचं, सुटलो. आणि सोमवारी सकाळी तोच हात मला परत बाहेर काढायचा.

त्याची बायको सरला एकदा चिडलीच. "अवं, हे वजन फेका ना! देवाले तोंड कसं दाखोता?"

"सरला, तारण आपल्या कामानं होत नाही, कृपेनं होते. माह्या पापाची शिक्षा येशूनं भोगली आहे."

"मंग काय त्यानं तुमच्या तराजूसाठी भोगली?"

 तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, हिरालालनं त्याला माझ्यानंच साखर तोलून दिली.

गेल्या कापणीच्या सणाची गोष्ट. त्या रविवारी चर्चमधले लोक धान्य, भाजी, फळं देवाला आणतात; तिथं ते तोलून देणाऱ्याच्या नावानिशी जाहीर करतात. गोदावरीकाकू आमचं जुनं गिऱ्हाईक. एकट्या राहतात, दोन घरी स्वयंपाक करतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, तर सणाला किलोभर दुबराज तांदूळ वाहीन, असं त्यांनी कबूल केलं होतं. शनिवारी त्या आल्या. हिरालालनं तांदूळ तोलला, तो माझ्यानंच. काकूंनी पांढऱ्या फडक्यात बांधून नेला.

सोमवारी सकाळी त्या परत आल्या. चेहरा एवढासा झालेला.

"हिरालाल भैया, काल तू पेटीवर होता ना? तुले ऐकू आलं असंन. तिथं काट्यावर माहा तांदूळ तोलला आन् माइकवर सांगतलं, गोदावरीबाई, नऊशे साठ ग्रॅम. सारे पाहून राहिले होते. मीच बांधताना सांडोला असंन. देवाले एक किलो सांगून कमी दिलं मी! मले चाळीस ग्रॅम दे, आत्ताच नेऊन देते."

हिरालाल हसल्यासारखं करत म्हणाला, "राहू द्या काकू. प्रभू एवढं पाहत नाही. त्यानं आपलं सारं माफ केलं आहे."

"मनून मी पाहू नाई का?"

त्यानं मुकाट्यानं वीस-वीसची दोन वजनं घेतली. ती बिचारी खरी होती. पुडी बांधली. काकूंनी कमरेची पिशवी सोडून नाणी काढली आणि माझ्याशेजारी ठेवली. शी! त्या क्षणी मला भट्टीत परत जावंसं वाटलं.

हिरालालचा हात नाण्यांपर्यंत गेला आणि थांबला. त्यानं मला उचललं, काकूंसमोर उलटं केलं, सुरीच्या टोकानं चकती काढली.

"काकू, तुमच्या हातून काही सांडलं नाही. हे पाहा. ही लाख आहे. मी भरली."

काकूंनी नव्या डोळ्यानं निरखून पाहिलं, बोट फिरवलं.

"कवापासून?"

"सहा वर्षं झाली."

"आन् रविवारी रडत होता, ते खोटं होतं?"

"नाही काकू. ते खरंच होतं."

"मंग सोमवारी याले काहून उचलत होता?"

ते मला, इतकी वर्षं त्याच्या हातात असूनही, कळलं नव्हतं. हिरालालनं नाणी परत सरकवली आणि पुडी पुढे केली. 

काकूंनी पुडी घेतली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "माहं नाव माइकवर घेतलं होतं भैया. तुहं बी तिथंच घेजो."

पुढच्या रविवारी त्यानं मला पिशवीतून चर्चमध्ये नेलं. साक्षीच्या वेळी, म्हणजे सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगायच्या वेळी, पेटी सोडून उठला आणि मला सगळ्यांपुढे टेबलावर उपडं ठेवलं. पांढऱ्या स्वच्छ कापडावर मी पोट उघडं टाकून पडलो होतो. काय सांगू, किती मेल्याहून मेल्यासारखं झालं! तो सगळं बोलला, आधी काकूंचं नाव घेऊन. पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, प्रभूजवळ माफी मागा."

"माफी तर सहा वर्षांपासून मागूनच राहिलो पास्टर," हिरालाल रडत म्हणाला. "आज ते पाप सोडाले आलो."

आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. लाख काढलेला मी त्याच्याशेजारी उपडा पडलेला असतो, भोक वर. त्यानंच तसं ठेवलंय. सहा वर्षांत त्याचं तारण होतं की नव्हतं, ते पास्टर जाणोत, मी आपला लोखंडाचा तुकडा. पण दर सोमवारी सकाळी शटर वर जातं, तेव्हा मी धास्तावून त्याच्या हाताकडे बघतो.

कधी बूढापाऱ्यात आलात, तर या दुकानात या. मी उपडाच आहे ना, एवढं बघून जा. सुलटा दिसलो, तर सगळ्यांसमोर मला उलटा करा. मला लाज वाटेल, वाटू द्या.