झोताआधीचं गाणं

आमच्या खार्किवच्या प्रयोगशाळेत टोपीची चेष्टा चालत नाही. शिशाच्या भिंतीआड नळीपाशी जायचं, तर बाहेर वीज सोडायच्या दांड्यावर आपली टोपी अडकवायची. टोपी आहे तोवर दांड्याला कुणी हात लावत नाही. गेल्या हिवाळ्यात माझा दोस्त लाव्हरिन उघड्या डोक्यानं आला आणि तसाच आत गेला. रिकामा दांडा बघून कुणीतरी ओढला. लाव्हरिनचं प्रेतच आम्ही बाहेर आणलं.

यंदा एका सकाळीही दांडा असाच रिकामा होता. नळीतल्या वायूचा प्लाझ्मा करायचा आणि त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, एवढंच काम. झोतातली बारीक थरथर प्लाझ्मातून जाता जाता फुगते आणि टोकाला मायक्रोवेव्ह लहरी उसळतात. त्या ऐकायला रिसीव्हरला कर्णा लाव्हरिननंच जोडलेला. म्हणायचा, "ओस्ताप, मीटरचा काटा थापा मारतो, कान नाही मारत."

मी दांडा धरला आणि कर्णा गायला लागला. आधी बारीक, मग चढत चढत नुसता आक्रोश. अरे, झोत नाही, प्लाझ्मा नाही, मग गातंय कोण? हात काढला, गाणं बंद. पुन्हा धरला, पुन्हा सुरू.

"गप की मेल्या!" मी ओरडलो. घाबरलो की माझं तोंड सुटतं. दांड्यावर टोपी अडकवून तणतणत नळी बघायला आत गेलो.

आत यारिना! आमच्याकडे नवीनच लागलेली. नळीभोवतीच्या चुंबकाखाली वाकलेली, डोक्याला लोकरी रुमाल घट्ट बांधलेला.

"भवाने, हा रुमाल दांड्यावर का नाही?"

"ओरडू नका हो, ओस्ताप दानिलोविच. आत केवढा गारठा आहे! दोन मिनिटांचं तर काम."

"दोन मिनिटांत कोळसा झाली असतीस!" मी तिथंच फरशीवर बसलो. "रिसीव्हर बोंबलला म्हणून वाचलीस. नळीतलं काहीतरी ऐकलं त्यानं."

"कसं ऐकेल? त्याचा नळीवरचा अँटेना मी आल्या आल्याच काढला." तिनं मूठ उघडली. अँटेना तिच्या हातात होता.

मग तिनं रुमाल सोडला आणि दांड्यावर अडकवून आली.

लाव्हरिनची टोपी मी त्याच्या बायकोकडून मागून आणली. आता आत जाताना दांड्यावर दोन टोप्या अडकवतो. बाहेर आलो की आधी माझी काढतो. त्याची काढताना म्हणतो, "झोत सोडतोय रे लाव्हरिन, बाजूला हो."