बिनबोंडाचा मलखांब

मी एक जुना मलखांब आहे आणि मला डोके नाही. मित्रांनो, चित्रातल्या मलखांबाला वर गोल बोंड असते आणि त्याखाली बारीक मान. माझे बोंड मानेसकट करवतीने कापले गेले. तुम्हाला कीव यावी म्हणून हे सांगत नाही. कीव मला मुळीच नको.

मी सागाचा. कळंबच्या एका सुताराने महिनाभर खपून मला घडवले आणि वीरप्पा वस्तादांच्या तालमीत दीड हात खोल पुरले. तेव्हा आमच्या मुलखावर निजामाचा अंमल होता. नागपंचमीला माझ्यावर गुलाल पडे, गावकरी टाळ्या वाजवीत. त्या टाळ्या मी विसरलो. लक्षात राहिला तो मल्लिनाथ.

तो बाजारात अडतीवर हमाल होता. एके दिवशी ज्वारीचे पोते उचलताना त्याच्या कमरेत कळ आली आणि तो पोत्यासकट खाली बसला. पुढचे दोन महिने अंथरुणात गेले. शेवटी त्याची आई हरणाबाई त्याला हाताला धरून तालमीत घेऊन आली. जवान माणूस विळ्यासारखा वाकला होता.

"वस्ताद, ह्याची पाठ चोळून चोळून माझे तळहात झिजले बघा," ती म्हणाली.

"पाठ कशाला चोळता, हरणाबाई? पाठीचा गुन्हाच न्हाय. गुन्हा पोटाचा हाय."

मल्लिनाथला तशा कळेतही हसू आले. "पोटानं काय केलं, वस्ताद? त्यात तर भाकर बी निम्मीच जाती."

"भाकरीचं पोट न्हाय रे. बेंबीमागचं. पुढून पोट धरतं आन् मागून पाठ, तवा माणूस उभा ऱ्हातो. तुझं पोट ढिलं, म्हून सगळं वझं पाठीवर. जू एकाच बैलाच्या मानंवर टाकल्यावर काय व्हईल?"

पहिले काही आठवडे मल्लिनाथ नुसता मला पाठ टेकून उभा राही, श्वास न रोखता पोट आवळी आणि सैल सोडी. मग लाल मातीत उताणा पडून एकेक पाय उचलू लागला. चौथ्या महिन्यात त्याने मला मांड्यांची मिठी मारली, हात सोडले आणि अंग बाजूला आडवे धरले. त्याचे पोट थरथरत होते. ते मला माझ्या लाकडात जाणवले. दसऱ्याच्या सुमारास तो ताठ चालू लागला आणि पुन्हा पोते उचलू लागला.

वस्तादांनी तेव्हाच बजावले, "हे देवपूजेवानी रोजचं हाय. सोडलंस, की पुन्हा हातरूण."

आणि त्याच साली तालमीत बंडखोर तयार होतात म्हणून त्या बंद करण्याचा निजामाचा हुकूम आला. अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराने, दाराला कुलूप घालायच्या आदल्या दिवशी वस्तादांनी मला उपटून आपल्या शेतात नेले. मळणीचे दिवस होते. खळ्याच्या मधोमध जो खांब असतो, ज्याभोवती बैल फिरतात, तो तिवडा म्हणून मला पुरले. बोंड झाकायला वर कडब्याची पेंढी बांधली. सकाळभर माझ्याभोवती बैल फिरत. दुपारी बैल सुटले, की दावे काढून मल्लिनाथ चढे.

पण एक चूक झाली. मलखांबाला एरंडेल लागते, आणि मुलाच्या पाठीसाठी ते रोज मला चोळायचा हरणाबाईने नेमच केला होता. खळ्यावरही तिने तो मोडला नाही. सगळे खळे भुसकटाने माखलेले आणि मधला तिवडा आरशासारखा चकचकीत!

अमीनसाहेब घोड्यावरून उतरले. माझ्यावर बोट फिरवून त्यांनी ते हुंगले.

"तिवडे को तेल कायकू?"

हरणाबाई पदर सावरून पुढे झाली. "दावं कुरकुरतंय, सरकार. कुरकुरलं की बैल बुजतंय."

"बहोत नाजूक बैल है तुम्हारा!" त्यांनी छडीने पेंढी पाडली. माझे बोंड उघडे पडले. "और ये मुंडी? ये भी बैल के वास्ते?"

वस्ताद पुढे झाले, तोच साहेबांनी छडी आडवी धरली.

"तिवडा है बोलते ना? तो तिवडे को मुंडी नक्को. काटो!"

शिपायांनी करवत चालवली. बोंड भुसकटात पडले. अमीनसाहेब मल्लिनाथकडे वळून हसले. "तू वोइच टूटी कमर का हमाल ना? अब चढ के बता. क्या पकडेंगा?"

मित्रांनो, मल्लिनाथने सदरा काढून आईच्या हातात दिला आणि तो चढला. वर धरायला मान नव्हती. होता तो तळहाताएवढा, नुकताच करवतलेला माथा. त्याने त्यावर पोट टेकले, हात सोडले, पाय सोडले आणि अंग आडवे ताणले. नव्या बोंडासारखा तो माझ्यावर तोलून राहिला.

"पकडायला पोट हाय की, सरकार," तो वरूनच म्हणाला.

खाली वस्ताद मोठ्याने श्वास मोजत होते. वीस झाले, तरी त्याचे अंग हलले नाही.

त्याला तीन दिवस ठाण्यात डांबले. गाव म्हणत होते, आता झोळीतून आणावे लागेल. चौथ्या दिवशी तो बांधावरून चालत आला, ताठ. माझ्यापाशी आला आणि पुन्हा चढला. मला कोणी हलवले नाही. साहेबांनी स्वतःच मला तिवडा ठरवले होते!

अठ्ठेचाळीस साली निजामाचा अंमल संपला. मला गुलाल उधळीत तालमीत परत आणले. मला घडवणारा सुतार नवे बोंड घेऊन आला. मल्लिनाथने ते त्याच्या हातून घेतले आणि खिडकीत ठेवून दिले.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ह्या बोडक्या माथ्यावरच पोट शिकतं."

आता नागपंचमीला कोणी मला हार घालतात, कोणी डोके टेकवतात आणि घरी जाऊन दिवसभर गादीवर पोक काढून बसतात. मित्रांनो, तुमचे हार परत घ्या. मला चमचाभर एरंडेल आणि रोज एक तरी घामेजलेले पोट द्या. माझे बोंड कापणाऱ्याला मी उभाच आढळलो. वाळवीलाही तसाच आढळेन. मात्र तुमची पाठ वाकली, तर माझ्या ताठ उभे राहण्याला काय अर्थ?