गाऱ्हाणं कुठल्या दारात?

दोन वर्षांनी घरी आलेली नात चार दिवस त्या लॅपटॉपला गोचिडीसारखी चिकटून होती, आणि बांगड्याचं तिखलं तिसऱ्यांदा गरम होत होतं. मांडवीच्या या घरात असलं वागणं आनंदीबाईंनी आजवर कुणाचं खपवून घेतलं नव्हतं.

"मृणाले, माणसांत आलीस की कचेरीत?"

"दमलेय गं आजी."

ते तर दिसतच होतं. मृणाली जर्मनीत नर्स. तिला तिकडे धाडणाऱ्या कंपनीने मोबाइलवरूनच तिचे सगळे कागद मागून घेतले होते. त्यातला क्षयाचा जुना रिपोर्ट त्यांनी तिला न विचारता नव्या इस्पितळाला दाखवला. आजार सात वर्षांपूर्वीच बरा झालेला, तरी नेमणूक अडली.

"तक्रार कुणाकडे करायची तेच ठरत नाही. कंपनी एका देशातली, कागद दुसऱ्या देशातल्या संगणकात, घेतले रत्नागिरीत. तीन सरकारी कचेऱ्यांना लिहिलं. दोन कचेऱ्यांनी कळवलं, आमची हद्द नाही."

सुके सोडे निवडणारा आनंदीबाईंचा हात थांबला. त्यांचा थोरला, आप्पा, बोटीवर असताना मस्कतला फसला होता. तेव्हा त्यांनी गाऱ्हाणं इथल्याच ग्रामदेवीपुढे घातलं. मस्कत कुठल्या देवाच्या अखत्यारीत, हे विचारत हिंडल्या नव्हत्या. माणूस जिथला, गाऱ्हाणं तिथल्या देवाला; पुढचं देव आपसात बघतात.

"आणि तिसरीने काय कळवलंन?"

मृणाली पडद्याकडे बघतच म्हणाली, "तुम्ही राहता तिथल्या कचेरीत द्या म्हणाले. पुढे कुणाच्या हद्दीत जातं ते ती कचेरी बघेल."

"कधी आलं हे?"

"महिना झाला."

"मग दिलीस?"

"तिकडच्या त्या कचेरीत माझ्या घरमालकिणीची बहीण कामाला आहे. तिथल्या सगळ्या गावाला कळेल, मला क्षय होता."

आनंदीबाईंनी सूप बाजूला सारलं. ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. ऐंशी वर्षं लोकांची तोंडं बघून त्याही थकल्या होत्या.

"हद्द सापडत नाही म्हणे! महिनाभर उशाला घेऊन झोपलीस की तिला. आजार तुझा, तो गेला. लबाडी त्यांची, ती अजून चालू आहे. आणि तोंड लपवून फिरतेस तू. अडलेली नाहीस मृणाले, भित्री आहेस."