विसणाचा नळ आणि मी

मी वॉशिंग मशीन बोलतेय. बोलतेय कसली, कुरकुरतेय. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, न्हाणीघराच्या दाराशी मला उभी केली आहे. माझ्या पोटाला गोल काच आहे आणि काचेच्या वर हळदीकुंकवाची बोटं अजून पुसट दिसतात. मला घरी आणलं त्या दिवशी घरच्या आजींनी, सावित्रीबाईंनी, ती लावली होती. त्या दिवशी माझी देवासारखी पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून छळ सुरू झाला.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पहिली धड आठवण इथल्याच, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानाची. बाहेर सतत हॉर्न वाजायचे आणि आत आम्ही सगळ्या रांगेत, कपाळावर किमतीची चिठ्ठी लावून, दाखवायला बसवलेल्या मुलींसारख्या उभ्या असायचो. एक दिवस दिनेश आणि पल्लवी आले. पल्लवीच्या खांद्यावर तिचं तान्हं बाळ झोपलेलं होतं. त्याचं नाव स्वराज.

"सर, हे हिरव्या पानाचं बटण बघा," दुकानातला माणूस दिनेशला म्हणाला. "हे दाबलं की वीज कमी, पाणी कमी."

"आणि वेळ?" पल्लवीने विचारलं.

"वेळ थोडा जास्त लागतो मॅडम. पण तुम्हाला कुठे उभं राहायचंय? मशीन करणार सगळं."

थोडा जास्त म्हणजे साडेतीन तास, हे त्याने सांगितलं नाही. मला तोंड असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. खरी वीज खातं ते पाणी तापवणं. म्हणून पानाचं बटण दाबलं की मी पाणी कोमटच ठेवते, मोजकंच घेते आणि कपडे निवांत भिजू देते. मधूनमधून नुसती थांबते. ते थांबणंही कामच असतं. डाळ मंद आचेवर ठेवली की सारखं झाकण काढून बघायचं नसतं, तसंच माझं आहे. पण हे त्या घरात कुणाला कळेल तर शपथ.

मला का आणलं ते सांगते, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल. पल्लवी अंबडच्या एका औषध कंपनीत होती, मालाची तपासणी करणाऱ्या विभागात. बाळंतपणाची रजा संपत आली होती. स्वराजला सांभाळायला दिनेशची आई, म्हणजे सावित्रीबाई, थोरल्या मुलाचं घर सोडून नामपूरहून आल्या. आल्या आल्याच त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"पोर मी सांभाळते. पण धुणं माझ्याच्यानं नाय होणार. मनगट गेलंय माझं. लंगोट पिळले की रातभर कळा येतात."

"धुण्याला तुम्ही हातच लावायचा नाही आई," पल्लवी म्हणाली. "त्यासाठीच तर मशीन घेतोय."

म्हणजे हिशोब सरळ होता. मी धुणं उरकलं तर सावित्रीबाई राहणार, आणि सावित्रीबाई राहिल्या तर पल्लवीची नोकरी राहणार. एवढी जबाबदारी माझ्यावर होती आणि मला ती आवडली होती.

मग मला जोडायला मेकॅनिक आला. त्याने न्हाणीघरात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "इथे गार पाण्याचा नळ एकच आहे. मशीन चालू असेल तोवर तो तुम्हाला वापरता येणार नाही. प्लंबर बोलवा आणि शेजारी दुसरा नळ काढून घ्या."

"घेऊ की," दिनेश म्हणाला. "रविवारी बघू."

माझा पाइप त्या एकुलत्या एका नळाला लागला आणि माझ्या नशिबाचे भोग सुरू झाले.

सकाळी दिनेश आणि पल्लवीच्या आंघोळी व्हायच्या. अंगावरून उतरलेले पारोसे कपडे दुसऱ्या दिवसावर टाकायचे नाहीत, अशी त्या घरची रीत. ते कपडे, रात्रभराचे लंगोट आणि दुपटी माझ्या पोटात कोंबून पल्लवी पानाचं बटण दाबायची आणि एकीकडे वेणी घालत कंपनीची बस गाठायला पळायची. मीही पदर खोचून कामाला लागायचे.

मी लंगोट भिजवून, घोळवून नुकतीच खळबळायला पाणी मागू लागते, तोच सावित्रीबाई न्हाणीघरात येतात. स्वराजला तेल लावून झालेलं असतं. उन्हं वर आली की तान्ह्या पोराला न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आणि गुंडाळून झोपवायचं, हा त्यांचा नेम. गीझरचं पाणी कढत येतं, त्यात विसण घालायला गार पाणी हवं, आणि गार पाण्याच्या नळाला तर मी. त्या माझा पाइप पिळून काढतात आणि खाली टाकतात. इकडे मला पाण्याचा थेंब मिळत नाही. मी थोडा वेळ वाट बघते आणि मग पीं पीं करून ओरडते.

"गप गं बाई, पोर दचकतंय," असं म्हणून त्या भिंतीवरचं बटणच बंद करतात.

झालं. बाळ न्हातं, धुरी घेतं, झोपतं. मग सावित्रीबाईंना माझी आठवण होते. त्या पाइप लावतात, भिंतीवरचं बटण चालू करतात आणि पल्लवीने शिकवलंय तसं पान दाबून मला सुरू करतात. म्हणजे मी पुन्हा पहिल्यापासून. धुतलेलेच कपडे पुन्हा भिजवायचे, नवं पाणी, नवा साबण. वीज वाचवायला जन्मले मी, आणि एकाच धुण्याला दोनदा वीज खायची.

एवढ्यावरही भागत नसे. मी भिजवायला थांबले की सावित्रीबाई काचेला नाक लावून बघायच्या. आत काही हलत नाही म्हटल्यावर त्यांच्या तोंडून थेट नामपूरची अहिराणी निघायची. "काय कामनी शे हाई?" कसल्या कामाची आहे ही, असं मला विचारून त्या पुन्हा भिंतीवरचं बटण बंद करून चालू करायच्या. मी तिसऱ्यांदा पहिल्यापासून.

दुपारी कंपनीतून पल्लवीचा फोन यायचा. "आई, मशीन वाजली का?"

"वाजली ना, मघाशीच वाजली."

वाजले होते हे खरंच होतं. पाण्यासाठी ठणाणा केला होता मी. पल्लवीला वाटायचं धुणं झालं. ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा मी शेवटचं पिळत असायचे. गॅलरीतलं ऊन कधीच गेलेलं असायचं, आणि दिवेलागणीनंतर तान्ह्या बाळाचे कपडे बाहेर ठेवायचे नाहीत हा सावित्रीबाईंचा दुसरा नेम. मग ओले लंगोट खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, पंख्याखाली. घराला सगळीकडे कुबट ओलसर वास.

पल्लवी काही हातावर हात ठेवून बसली नाही. तिने पहाटेच दोन बादल्या भरून ठेवल्या. म्हणाली, "आई, विसणाला हे पाणी घ्या, नळ सोडू नका." सावित्रीबाईंनी त्या पाण्याने फरशी पुसली. "शिळं पाणी पोराच्या अंगावर घालू का मी?" रात्री मला लावावं तर सोसायटीचा वॉचमन जेवणं झाली की टाकीचा वॉल्व बंद करतो. भरभर धुण्याचंही एक बटण आहे मला, पण त्यात चार कपडे मावतात आणि लंगोटाचे डाग तसेच राहतात. शिवाय दिनेशने ते एकदा दाबलेलं बघितलं आणि म्हणाला, "पानाचं बटण आहे म्हणून तर ही घेतली. तेच वापरा." पाहुणे आले की तो मला बोटाने दाखवायचा, ही किती वीज वाचवते म्हणून.

"मग तो नळ तरी करा," पल्लवी म्हणायची.

"रविवारी बघू."

नाशकातल्या पुरुषांचा रविवार मिसळीचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी मित्र खाली गाडीचा हॉर्न वाजवायचे, दिनेश हेल्मेट घेऊन उतरायचा, आणि तर्रीचे डाग पाडलेला शर्ट माझ्यासाठी घेऊन दुपारी परत यायचा. मग झोप. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मला राग यायचा तो सावित्रीबाईंचा नाही. त्या बिचाऱ्या नातवाला न्हाऊ घालत होत्या. मला राग यायचा तो ह्या हेल्मेटवाल्याचा.

थंडी पडली आणि सगळंच बिघडलं. कपडे दोन दोन दिवस वाळेनात. स्वराजच्या मांड्यांना लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी सांगितलं, दमट कपडे घालू नका. तेव्हापासून सावित्रीबाईंनी माझ्यावरचा विश्वासच सोडला. पल्लवी बसला गेली की त्या स्टुलावर बसून लंगोट हातानेच चोळायच्या, पिळायच्या आणि उन्हात टाकायच्या. मी रिकाम्या पोटी शेजारी उभी राहून बघायचे. त्यांचं मनगट सुजून वांग्यासारखं झालं.

एका संध्याकाळी त्यांनी पल्लवीपुढे हात धरला. "बघ हे. मी नामपूरला जाते पोरी. धुणंच धुवायचं तर तिथं काय वाईट होतं?"

"मशीनच डबडं निघाली," दिनेश सोफ्यावरून म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती ही. त्या क्षणी माझ्यात वीज असती तर मी जागची हलले असते.

पुढच्या रविवारी पल्लवी दारात उभी राहिली. "आज प्लंबरला बोलवा. आई उद्याच्या गाडीने जातायत. आज नळ झाला तर मी त्यांना थांबवून घेईन."

"अगं हो, आल्यावर बघतो. पोरं खाली थांबलीत."

तो तिन्हीसांजेला परतला. तोवर सावित्रीबाईंची पिशवी भरून झाली होती.

पल्लवीने नोकरी सोडली. इतक्या लहान बाळाला पाळणाघरात ठेवायचं तिच्या मनाला पटेना. जाताना सावित्रीबाई म्हणाल्या, "माझ्यामुळं नको सोडू गं."

"तुमच्यामुळे नाही आई," ती म्हणाली. दिनेश म्हणाला, "बरंच झालं. स्वराजकडेही लक्ष राहील."

त्यानंतर माझे दिवस पालटले. पल्लवी घरीच असते. माझं शेवटचं पाणी गेल्यावरच ती नळ मोकळा करते आणि मग स्वराजला न्हाऊ घालते. माझ्या साडेतीन तासांना कुणी हात लावत नाही. कपडे दुपारच्या आत दोरीवर जातात, बाळाचे चट्टेही गेले. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते कसं मिळालं हे आठवलं की माझं मलाच नकोसं होतं.

कालचीच गोष्ट. दिनेशच्या मित्राचा साखरपुडा होता. साहेब उशिरा उठले. मी तोवर कामाला लागलेली.

"पल्लवी, नळ सोड. आंघोळ करायचीय."

"मशीन चालू आहे," ती शांतपणे म्हणाली. "पानाचं बटण आहे. वेळ लागेल."

"अगं मला जायचंय."

"लंगोट आहेत आत. मध्येच थांबवली तर पुन्हा पहिल्यापासून करते ती. मी रोज सांगत होते तुम्हाला."

तो चिडून गॅलरीत गेला आणि फोन लावला. नवनाथ नावाचा प्लंबर लगेच आला, खालच्याच गल्लीत त्याचं दुकान आहे. पाणी आधीच पोटात घेऊन माझं खळबळणं चालू होतं, ते संपायच्या आत त्याने जोड बसवला आणि शेजारी दुसरा नळ काढला. दिनेश आत शिरला आणि आंघोळ करताना गाणंही म्हणू लागला.

नवनाथने पाना पिशवीत टाकला. "झालं ताई. अजून काही होतं का?"

पल्लवी स्वराजला कडेवर घेऊन दारात उभी होती. "नाही," ती म्हणाली. "एवढंच होतं."

दिनेश साखरपुड्याला गेल्यावर तिने कंपनीत फोन केला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज मला ऐकू आला. त्या जागेवर दुसऱ्या कुणाला घेतलं होतं. बरं, ठीक आहे, असं ती दोनदा म्हणाली. मग फोन माझ्या डोक्यावर ठेवून ती बराच वेळ त्या दोन नळांकडे बघत राहिली.

मला बोलता आलं असतं तर त्या दुकानातून कपडे धुण्याचं यंत्र उचलणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मी थांबवलं असतं. म्हटलं असतं, मला नेताय तर न्या, पण घरातली बाई काय मागते ते आधी ऐका आणि माझ्या आधी ते करा. वीज मी वाचवीन. तिचे दिवस वाचवणं माझ्या हातात नाही.

आता धुणं झालंय. मी वाजतेय. पल्लवी येते, वाकते, दार उघडते आणि कपडे बादलीत काढते. त्यात दिनेशचा साखरपुड्याचा शर्ट आहे, स्वराजची दुपटी आहेत. कंपनीत घालायचा तिचा पांढरा कोट आता धुवायला येत नाही.